आक्कांच्या खानावळीतला फ्रान्स

अनसूयाआक्का जेवायला येणाऱ्याला नाव विचारत नसत. गाव विचारत आणि पुढे त्याच गावाने हाक मारत. नारायणगावच्या एसटी स्टँडमागे त्यांची चार बाकांची खानावळ होती. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी तिथल्या वाइनच्या कंपनीत, प्रयोगशाळेत कामाला लागलो आणि पहिल्याच दुपारी ‘सांगली’ झालो. जवळच्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीवरचा इंजिनिअर ‘बंगलोर’ होता, बाजारातला हमाल ‘तळेघर’.

“गावातलं कुणी दिसत नाही जेवायला,” मी एकदा म्हणालो.

आक्का भाकरी थापत राहिल्या. “आमी बौद्ध. गावाला आमच्या हातचं पचायला येळ लागंल. तवर बाहेरची पावणं हायतच की.” आवाजात कडवटपणा नव्हता. आज ऊन आहे म्हणावं, तसं म्हणाल्या.

द्राक्षांच्या हंगामात कंपनीने ज्यूल नावाचा एक फ्रेंच तंत्रज्ञ बोलावला. आक्कांसाठी तो अर्थातच ‘फ्रान्स’. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, तरी गप्पा अखंड चालत. अडलं की मध्ये मी, त्याच्याशी इंग्रजीत बोलून. “वाईन दारूसारकी चढत न्हाई, सरबतासारकी ग्वाड न्हाई म्हनत्यात. मग पितात कशापायी?” आक्कांनी विचारलं. ज्यूलने विचार करून उत्तर दिलं, “जेवण लांबावं म्हणून.” ते ऐकून आक्का खूश झाल्या. “मग बराय. मानूस घाईनं उठून गेलं की मला नाय आवडत.”

फेब्रुवारीत एका सकाळी कंपनीत फोन आला. ज्यूलची आई गेली होती. दफन दुसऱ्याच दिवशी होतं आणि इथून वेळेत पोचणं शक्य नव्हतं. दुपारी मी त्याला कसाबसा खानावळीत आणला आणि आक्कांना सांगितलं. त्यांनी तवा उतरवला, हात धुतले आणि जेवणाऱ्यांना म्हणाल्या, “जरा थांबा, बाबांनो.” भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीखाली चटई अंथरली, मेणबत्ती लावली. मग ज्यूलकडे वळल्या.

“आईचं नाव काय?”

मी विचारलं. तो म्हणाला, “सिमोन.”

“शिमोनबाई,” आक्का म्हणाल्या, आणि हात जोडून ‘बुद्धं सरणं गच्छामि’ असं त्रिशरण म्हणू लागल्या. बंगलोर उठला, तळेघर उठला. राजुरीहून द्राक्षं घेऊन येणारा एक ट्रॅक्टरवाला होता. तो आक्कांकडे पाणीसुद्धा पीत नसे, बाहेर ट्रॅक्टरवरच घरचा डबा सोडायचा. तोही चपला काढून आत आला आणि दाराशी हात जोडून उभा राहिला.

ज्यूल हमसून रडायला लागला. मी काहीतरी बोलायला गेलो, तर आक्कांनी मला थांबवलं. “रडू दे. सकाळधरनं दाबून धरलंय त्यानं.” त्याच्या पाठीवरून हात फिरवत त्या तशाच बसून राहिल्या. चुलीवरचं कालवण करपलं, तरी उठल्या नाहीत. नंतर सगळ्यांनी तेच करपलेलं कालवण खाल्लं. ट्रॅक्टरवाल्यानेही बाकावर बसून खाल्लं आणि भाकरी मागून घेतली.

हंगाम संपल्यावर ज्यूल गेला. पुढे मीही पुण्याला आलो. वर्षातून एखादी फेरी व्हायची. दोन हजार सालानंतर कधीतरी गेलो, तेव्हा खानावळ बंद होती. आक्का पाय सुजल्यामुळे खाटेवर होत्या. लेक शेतावर गेली होती. मला पाहून त्या उठू लागल्या.

“पडून राहा. आज मी करतो,” मी म्हणालो.

पिठल्यात गुठळ्या झाल्या, भात गिचका झाला. मी ताट त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि ओशाळून उभा राहिलो. आक्का सावकाश जेवल्या. मध्येच थांबून ताट पुढे केलं, “वाढ अजून.”

“चांगलं झालंय?”

“न्हाई,” त्या हसल्या. “पन जल्मभर मीच वाढलं रं. कुनी वाढून समोर बसलं की किती बरं वाटतं, ते आज कळलं.”

त्याच वर्षी पावसाळ्यात आक्का वारल्या. पिठलं-भाताच्या त्या दुपारी मात्र मी उन्हं उतरेपर्यंत त्यांच्यासमोर बसलो होतो. पुण्याच्या दोन गाड्या जाऊ दिल्या.