धम्मदीप आणि न उघडायचा डबा

धम्मदीप मेश्राम खाली बसलेला पाहिल्याचं कुरखेड्यात कुणाला आठवत नाही. चहासुद्धा तो उभ्यानेच पितो. लहानपणी वडश्याला नाटकाला नेलं, तर नायक मेल्याबरोबर हा पडद्यामागे पाहून आला आणि रडणाऱ्या बायांना म्हणाला, "काऊन रडता? चहा पिऊन राह्यला तो."

अशा माणसाने चंद्रपुरात संशोधनाला विषय निवडला पेरोव्स्काइटचा. काचेवर शाईसारखा काळा थर पसरायचा, ऊन पडलं की वीज. स्वस्तात सौर पॅनेल! पण दमट हवा लागली की थर पिवळा पडतो आणि खेळ खलास. हवा अडवणारा लेप धम्मदीपने शोधला होता. काच डब्यात ठेवून झाकण त्या लेपाने बंद करायचं आणि भर पावसाळ्यात दोन महिने उघडायचं नाही, एवढीच परीक्षा. दोनदा याने "जरा पाहतो" म्हणत झाकण काढलं, दोनदा पिवळं.

"तिसऱ्यांदा सील मीच काढणार," त्याच्या मार्गदर्शक दीपाली मॅडम म्हणाल्या. "तुटलेलं दिसलं, तर तुमची जागा दुसऱ्याला."

धानाच्या रोवणीच्या दिवसांत तो डबा घेऊन घरी आला आणि आईच्या, सत्यशीलाबाईंच्या, हाती दिला. "माय, लपवून ठेव. मी पाया पडलो तरी सांगू नको."

संध्याकाळीच पाया पडला.

"नाई सांगत," माय म्हणाली. "भाताचंबी झाकण घडी घडी उघडते तू. कच्चा भात खाऊन मोठं झालं हे घर."

धानाची ढोली, मोहाचं पोतं, खाटेखालची पेटी, सगळं त्याने उपसलं. माय खुश. "शोध, शोध. तेवढंच घर झाडून निघते."

पोळा उलटल्यावर तिने डबा काढला, तो न्हाणीतल्या फळीवरून. पाण्याच्या ड्रमच्या वर!

"माय! न्हाणीत?"

"आंघोळीत तुले वर पाहाले सवड कुठी असते? दोन तांबे ओतले अन् बाहेर."

बसमध्ये डबा छातीशी धरून तो उभाच. जागा रिकामी होती. ब्रह्मपुरीपर्यंत सीलवर नख फिरवलं, नागभीडला तो हात खिशात कोंबला. प्रयोगशाळेत मॅडमनी पातं हाती घेतलं आणि जन्मभर झाकणं उघडून पाहणारा हा माणूस भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"अहो, वळा. काळाच आहे."

"खरंच?"

"दिव्याखाली धरलाय. मीटर पाहा, वीज देतोय. टिकला तुमचा लेप. जागाही टिकली."

त्याने तिथूनच फोन लावला. "माय, काळाच हाय! तू एकदाबी उघडून नाई पायलं?"

"उघडलं नाई बाप्पा. पण जीव राहे का माहा? रोज हलवून पायत होती, आत वाजते का म्हणून."

"हलवून? रोज?"

"जोरानं नाई."

धम्मदीप मटकन खाली बसला.