फळ्यावरची खरी वाक्यं

स्वतःच्या घरातलं खरं कधी इंग्रजीत सांगून बघितलंय का तुम्ही? मराठीत जिथं जीभ अडते, तिथं इंग्रजीत पटकन निघून जातं! असे किस्से कोणी ठरवून गोळा करत नाही. आमच्या वहीत ते दर रविवारी आपोआप साठत गेले.

आम्ही सहाजणी कुपवाडच्या एका कारखान्यात पॅकिंगला. बढती घेऊन चेकिंगला जायचं तर रिपोर्ट इंग्रजीत लिहावा लागतो, म्हणून एका निवृत्त सरांच्या घरी रविवारचा इंग्रजीचा क्लास लावला. सरांनी फळ्यावर दोन याद्या काढल्या. एन्जॉय, अव्हॉइड, स्टॉप यांच्यापुढच्या क्रियापदाला आयएनजी. वॉन्ट, डिसाइड, प्रॉमिस यांच्यापुढे टू. आणि नियम एकच, "पुस्तकातलं वाक्य नको. घरातलं खरं सांगा."

मी म्हटलं, "आय एन्जॉय कुकिंग."

सरांनी चष्म्यावरून बघितलं. "खरं?"

सव्वीस वर्षांच्या संसारात मला हे कोणी विचारलंच नव्हतं. म्हटलं, "खोटं, सर. आय एन्जॉय सिटिंग."

"शाब्बास!"

* * *

आष्ट्याच्या शांताक्का आमच्यात सगळ्यात मोठ्या. उभ्या राहून म्हणाल्या, "माय सन स्टॉप्ड कॉलिंग."

"उत्तम!" सर बोलून गेले आणि खडू हातातच राहिला.

आक्का म्हणाल्या, "दोन वर्सं झाली, सर. पर वाक्य बरोबर हाय न्हवं? मग लिवा की!"

सरांनी लिहिलं. त्या दिवशी फळा कोणी पुसला नाही.

* * *

रेखा आटपाडीकडची. मे महिन्यातसुद्धा मनगटापर्यंत बाह्यांचा ब्लाउज. तिला न्यायला नवरा गाडी घेऊन दारातच थांबायचा. एकदा तो दारात असतानाच ती स्पष्ट म्हणाली, "आय अव्हॉइड गोइंग होम."

"काय म्हणली वो ती?" नवऱ्यानं विचारलं.

आक्का ताडकन म्हणाल्या, "तुमचं कौतुक करतीया, दाजी!"

गडी लय खूश झाला. रेखाला त्यानं वाटेत उसाचा रस पाजला म्हणे.

* * *

मग रेखाच्या नवऱ्यानं पोरीचं लग्न ठरवलं. पूजा नववीत. रेखानं पॅकिंग करता करता आम्हाला सांगितलं, "साताऱ्याची बहीण ठेवून घ्यायला तयार हाय. शाळेत बी घालंल. पर घरातनं निघू कशी?"

त्या रविवारी नवरा आत येऊन मागच्या सतरंजीवर बसला. "शिकिवत्यात काय ते बघतो."

रेखा उभी राहिली. आवाज हलला नाही. "वी डिसायडेड टू एस्केप बिफोर सनराइज."

सर फळ्याकडे वळले. ठळक अक्षरात लिहिलं, "आय प्रॉमिस टू वेट." म्हणाले, "सगळ्यांनी म्हणा."

आक्कांनी म्हटलं. मी म्हटलं. एकेक करून सगळ्यांनी म्हटलं.

"समद्या एकच वाक्य म्हणत्यात की!" नवरा हसला.

"पाठांतर," सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, उजाडायच्या आत, सर, आक्का आणि मी सांगली स्टँडवर उभे होतो. साताऱ्याची गाडी लागली. पूजा आली. एकटीच, आईची वही छातीशी धरून. म्हणाली, "आई मागं राहिली, बाबा उठलं तर आडवायला." आक्का तिच्याबरोबर गाडीत चढल्या.