चाक खोलल्याशिवाय रेघ नाही

"वहिनी, मारा की रेघ," टॅक्सीवाला म्हणाला. "गाडी काय तुमच्या माहेरची आहे का, एवढी निरखायला?"

"माहेरची असती तर एकवेळ मारलीही असती, भावोजी. आमच्याकडची माणसं हळू चालवतात."

टॅक्सीवाला हसला नाही. त्याला लांबचं भाडं मिळालं होतं, मध्ये घाटाचा उतार होता आणि प्रवासी स्टँडवर ताटकळत होते. नेहमीच्या तपासणीतलं ऑइल, पाणी, पट्टा सगळं बघून झालं होतं. राहिले होते ब्रेक. त्यासाठी चारही चाकं उतरवायची, आणि तेवढा दम कुणाला नव्हता.

खडूबाई या गॅरेजची थोरली सून. नवरा ट्रकवर, उगवला तर उगवला. लग्नानंतर ती सासऱ्याला डबा घेऊन यायची. म्हाताऱ्याची नजर अधू होत चालली होती, पण ते कबूल करायला तो तयार नव्हता. "सूनबाई, जरा वाकून सांग, ब्रेकचा पॅड किती उरलाय?" ती वाकायची, सांगायची. म्हातारा विचारायचा, "दिसलं, की वाटलं?" वाटलं म्हटलं की डबा तसाच बाजूला ठेवून पुन्हा वाकायला लावायचा. वाकता वाकता ती शिकली. सासरा गेला आणि त्याचा खडू हिच्या कानामागे आला. चाकाच्या आतलं डोळ्यांनी बघितलं की त्या टायरवर एक रेघ, ही म्हाताऱ्याची रीत. स्टँडवरचे ड्रायव्हर गाडीभोवती फिरून चार रेघा बघत आणि मगच आत बसत.

गॅरेज आता धाकट्या दिराच्या हातात होतं. तो वाईट नव्हता, घाईचा होता. समोर नवं गॅरेज झाल्यापासून त्याची घाई आणखी वाढली होती.

"बाहेरून ठणठणीत आहे," तो म्हणाला.

"दुरून डोंगरही साजरेच असतात."

दिरानं खिशातून खडू काढला आणि खाली न वाकताच चारही टायरांवर रेघा ओढल्या. "झालं. निघा."

खडूबाईनं ऑइलचं फडकं उचललं. पहिली रेघ पुसली, दुसरी पुसली. कुणी अडवायच्या आत तिसरी आणि चौथीही गेली. टायर काळेभोर.

"वहिनी, आज शेवटचं सांगतो. हट्ट सोडा, नाहीतर उद्यापासून पान्याला हात लावायचा नाही. नुसत्या गाड्या पुसायच्या."

"उद्याचं उद्या. जॅक कुठे ठेवलाय?"

टॅक्सीवाल्यानं गाडीचं दार उघडलं, पुन्हा लावलं. "पुसताना बघितलं मी," तो चिडून म्हणाला. "आता प्रत्येक वळणावर मनात पाल चुकचुकणार. खोला एकदाचं. आणि भाडं हातचं गेलं तर स्टँडवर तुमची कीर्ती मीच सांगेन."

"सांगा. नीट सांगा."

तिनं जॅक लावला. एकेक चाक उतरवलं, पॅड बघितले, डिस्कवरून बोट फिरवलं, चाक पुन्हा चढवून नट आवळले. दीर हाताची घडी घालून उभा. शेवटचं चाक बसल्यावर त्यानं विचारलं, "काय निघालं?"

"काही नाही. पॅड चांगले जाड आहेत."

दिराला हसू आवरेना. "म्हणजे मी बाहेरून सांगितलं तेच. उगाच त्याचा खोळंबा केला."

"तुम्ही सांगितलं ते वाटलेलं होतं. आता दिसलं." तिनं कानामागचा खडू काढला आणि चारही टायरांवर आपली रेघ मारली.

टॅक्सीवाला गाडीला फेरी मारून आत बसला आणि निघाला. समोरच्या गॅरेजसमोर त्यानं वेग कमी केला, पाटी वाचली आणि मग पुढे गेला. दिरानं ते बघितलं. तिनंही.

"बघितलंत? पुढच्या वेळी तिकडे जाईल. सुंभ जळला तरी पीळ जाणार नाही तुमचा. उद्यापासून फडकं घ्या हातात."

"घेईन की. गाड्या पुसेन. आणि न बघता मारलेली रेघ दिसली की तीही पुसेन. फडक्याला दोन्ही सारखंच."

तेवढ्यात दारात दुसरी गाडी येऊन हॉर्न द्यायला लागली.

"पुढे घ्या, अजून पुढे, बस," म्हणत खडूबाईनं जॅक ओढला आणि त्या गाडीच्या पुढच्या चाकाशी वाकली.