निरगुडीची काठी आणि नडगीचं हाड

आमच्या मैदानावर बाप नव्या मुलीला घेऊन यायचा तेव्हा त्याच्या एका हातात नारळ असायचा आणि दुसऱ्या हातात निरगुडीची काठी. नारळ मैदानाच्या कोपऱ्यात फुटायचा, काठी आमच्या प्रशिक्षक सरांकडे जायची. सर ती वाकवून बघायचे, हवेत एकदा सपकन फिरवायचे आणि मान डोलवायचे. झाला प्रवेश. काठी ज्याची त्याच्याच पोरीवर चालायची, आणि मोडली की बापानेच नवी आणायची.

माझे वडील काठी घेऊन आले नव्हते. ते सातपूरच्या कारखान्यात कामाला होते आणि युनियनची पत्रकं लिहायचे. घरात पुस्तकं कमी, पत्रकांचे गठ्ठे जास्त; मी अक्षरं ओळखायला शिकले ती त्यावरच. वडिलांनी सरांना सरळ सांगितलं, "पोरीला हात लावायचा नाही." सरांनी मला हात लावला नाही. काही शिकवलंही नाही. वर्षभर मी एकटीच भाला फेकत होते आणि शेजारच्या ट्रॅकवर पोटऱ्यांवर वळ उठलेल्या मुली पदकं आणत होत्या. त्या वळांचा मला हेवा वाटायचा. हे वाक्य लिहिताना आजही माझं डोकं तापतं.

पुढे मी शारीरिक शिक्षणात पदव्युत्तर पदवी घेतली, ज्या महाविद्यालयाचं ते मैदान होतं तिथेच शिकवायला लागले आणि लांब पल्ल्याच्या धावपटूंसाठी ताकदीचे व्यायाम या विषयावर पीएच.डी.ला नाव नोंदवलं. नव्वदीचं दशक तेव्हा संपत आलं होतं. मैदानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक बारबेल आणि गंजलेल्या प्लेटा होत्या. राष्ट्रीय शिबिरात वजनांबद्दल विचारायला लागले होते, म्हणून सर मुलींना नाइलाजाने माझ्याकडे पाठवायचे. "जा, डॉक्टरीणबाई तुम्हाला म्हशी करून परत पाठवतील," असं वर ऐकवायचे.

माझ्या मार्गदर्शकांची वेगळीच शिस्त होती. मी प्रबंधात ठाम काही लिहिलं की ते लाल पेनाने खोडून 'शक्यता नाकारता येत नाही' असं लिहायचे. पत्रकात अशी वाक्यं नसतात. वडिलांनी कधी 'मालक पिळवणूक करत असण्याची शक्यता आहे' असं छापलं नव्हतं.

त्या वर्षी आमच्याकडे पेठकडच्या एका पाड्यावरची मुलगी होती. पाच हजार मीटर धावायची, उतारावरून दगड सुटावा तशी. निवड चाचणी तीन दिवसांवर आलेली. त्यात निवड झाली तर पोलिसातल्या भरतीचं दार उघडणार होतं, आणि तिच्या घरात तोवर कुणाला पगार असा माहीत नव्हता.

शेडमध्ये मी मुलींना एका पायावर उड्या मारायला लावायचे. ती डाव्या पायावर चेंडूसारखी उडाली. उजव्यावर नुसती उभी राहिली. मी तिला बसवलं आणि नडगीवरून बोट खाली खाली दाबत नेलं. एका जागी, नाण्याएवढ्या जागी, तिने ओठ इतका चावला की रक्त आलं.

"दुखतं?"

"नाय."

"खोटं बोलू नकोस."

"नाय म्हणलं ना, मॅडम. सरांना सांगू नका काय."

हाडाला थकून तडा जायला लागतो तेव्हा तो असाच दुखतो, बोटाच्या टोकाखाली. मी तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. एक्स-रे स्वच्छ निघाला. सुरुवातीच्या दिवसांत तो स्वच्छच निघतो, हे मला ठाऊक होतं. ज्या तपासणीत तडा दिसला असता तिच्यासाठी मुंबईला जावं लागलं असतं, आणि मुलगी रिक्षातून उतरायच्या आतच ट्रॅककडे बघायला लागली होती.

त्याच संध्याकाळी वळणावर तिचा पाय लंगडला. सर तिथेच उभे होते. काठी पोटरीवर बसली, परत बसली, मग त्याच नडगीवर. ती पडली नाही. ओरडलीही नाही. वेग वाढवून पुढे गेली. पुढच्या फेरीला ती वळणावर यायच्या आत मी तिथे पोचले आणि काठी हिसकावली. गुडघ्यावर मोडायला गेले तर ती नुसती वाकली. मग पायाखाली घालून पिळून मोडली. सरांनी माझ्या कानाखाली वाजवली. कानात शिट्टी घुमली. हातात उरलेला तुकडा मी त्यांच्या तोंडावर फेकला, तो भुवईवर बसला आणि रक्त डोळ्यात उतरलं.

मुली जागच्या जागी थांबल्या. सरांनी रुमालाने डोळा दाबला आणि ते शांतपणे म्हणाले, "हिच्या बापाला निरोप धाडा. काठी मोडली म्हणावं."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने बाप आला. नवी काठी सोललेली होती, तेल पाजलेली होती. त्याने ती दोन्ही हातांनी सरांना दिली. माझ्याकडे बघायलाही तो लाजत होता. मी त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले आणि पायाचं सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं.

"डॉक्टराचा फोटो काय म्हणतोय?"

"फोटो स्वच्छ आहे," सर म्हणाले. "कुठं काही नाही. नखरे आहेत. यांच्या शेडमध्ये जाऊन शिकलीय."

मुलगी बापामागे उभी होती. "बाबा, मी पळते. काय नाय झालं पायाला."

बाप माझ्याकडे वळला. "बाई, मला तुमचं शाळेतलं समजत नाय. एकच सांगा. ही परवा पळाली तर हाड तुटंल का नाय तुटणार?"

लाल पेनाचं उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं, आणि ते खरंही होतं. कुणालाच खात्रीने सांगता आलं नसतं. पण समोर मुलगी होती, काठी होती, आणि काठीवाला कधी 'शक्यता' म्हणत नव्हता.

"तुटेल," मी म्हणाले.

बाप सरांकडे वळला. "सर, तुमी सांगा. नाय तुटणार ना?"

सरांनी काठी वाकवली, सोडली. "खेळात काय सांगावं, पावणं. नशिबाचा भाग असतो."

बापाने मुलीच्या उजव्या पायाकडे बघितलं. मग म्हणाला, "मंग नाय पळायची."

मुलगी त्याच्या पाठीमागून सुटली आणि सरळ माझ्यावर आली. पहिला ठोसा माझ्या छातीवर बसला, दुसरा जबड्यावर. "तुमाला काय जातंय," ती म्हणत होती. "तुमी खुर्चीवर बसता. तुमाला पगार हाय. माझी पोलीसची नोकरी खाल्ली तुमी." तोंडात रक्ताची चव आली. कुणीतरी तिला धरायला आलं, त्याला मी हाताने थांबवलं. मारताना तिची उजवी टाच जमिनीला लागत नव्हती. प्रत्येक ठोशाला सगळा भार डाव्या पायावर जात होता, म्हणून ठोसे वाकडे बसत होते.

शेवटचा ठोसा हुकला. तोल गेला आणि सावरायला तिने उजवा पाय जोरात टेकवला. तोंडातून जो आवाज आला तो मी मैदानावर त्याआधी ऐकला नव्हता; काठीखाली तिने तसा कधी काढला नव्हता. ती धुळीत बसली आणि दोन्ही हातांनी नडगी आवळून धरली.

बाप तिच्यापुढे उकिडवा बसला. तिचे हात बाजूला केले नाहीत, नुसते वरून धरले.

"दुखतंय?"

ती आमच्या कुणाकडे बघत नव्हती.

"लय," ती म्हणाली. "लय दिस झालं."