शेवटच्या गाडीसाठी कापलेला पिक्चर

माझे मालक टूरिंग टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. दिवाळीनंतर तंबू निघायचा तो पालम, सोनपेठ आणि मधली बाजाराची गावं करत उन्हाळा संपेपर्यंत फिरायचा. मशीन ते चालवायचे, रिळं तपासायचं काम माझ्याकडे होतं. मी चौथी शिकलेली, पण त्या कामाला शाळा लागत नाही, बोटं लागतात. फिल्म दोन बोटांत धरून गुंडाळत जायची, फाटलेलं हाताला लागलं की थांबायचं, ब्लेडनं तेवढं कापायचं, टोकं खरवडून फिल्म सिमेंटनं, म्हणजे फिल्मच्या गोंदानं, चिकटवायची. दुपारी तंबूत उकडायचं आणि त्या वासानं डोकं उठायचं.

चिनी मारामारीच्या सगळ्या पिक्चरांना आमच्याकडे कराटेचा पिक्चर म्हणत. त्यातल्या एका डायरेक्टरचे पिक्चर आम्ही दोघं ओळखायचो. नाव वाचता येत नव्हतं. पण सुरुवातीच्या पाट्यांत सगळ्यात शेवटी तीन अक्षरं यायची. एक दारासारखं, एक डोक्यावर ओझं घेतलेल्या माणसासारखं आणि एक फडताळासारखं. ती दिसली की मी मालकांना हाक मारून सांगायचे, "फडताळवाला आला."

त्याचा पहिला पिक्चर आमच्याकडे आला तेव्हा नामांतरावरून गावं पेटून गेली होती. त्या साली तंबूला परवानगी उशिरा मिळाली. बौद्ध वस्तीतली माणसं बरेच दिवस फिरकली नाहीत. पुढे यायला लागली ती दाराजवळ बसायची, उठून जायला सोपं म्हणून. खेळ सुटल्यावर कुणीच रेंगाळत नव्हतं. बाहेरगावचे लोक शेवटच्या एसटीवर डोळा ठेवून असायचे. आमचा खेळ अंधार पडल्याशिवाय सुरू करता येत नव्हता आणि एसटी काही आमच्यासाठी थांबत नव्हती. पिक्चर लांबला की पब्लिक अर्ध्यातून उठायचं, मग आरडाओरडा, खुर्च्यांची आदळआपट.

मालक सांगायचे, "धा-बारा मिनिटं कमी कर. गाडी गाठली पायजे."

काय कमी करायचं ते सांगत नव्हते. ते मी ठरवायचे. मी मारामारीला कधी हात लावला नाही, लोक त्याच्यासाठीच यायचे. जिथं कुणी मारत नाही, पळत नाही, नुसतं बसलंय, ते मी काढायचे. फिल्म उजेडाला धरली की लगेच कळतं. हातभर फिल्ममध्ये सगळी चित्रं सारखीच दिसली तर तिथं काही घडत नाही. कापलेले तुकडे रिळांची पेटी फिल्मच्या डेपोला परत पाठवताना जोडून द्यायचे असा नियम होता. त्या पिक्चरचे मी जोडले नाहीत. प्रिंट जुनी, दहा ठिकाणी फाटलेली, कोण बघतंय? पुढच्या साली तीच पेटी फिरून आली तेव्हाही कुणी विचारलं नाही. थोड्या तुकड्यांचं मी घराच्या दाराला तोरण केलं. उन्हात चमकायचं. बाकीचे ज्वारीत पाखरांसाठी बांधले.

पुढे तंबू बंद पडला आणि मालकांना मानवतच्या पक्क्या टॉकीजमध्ये काम मिळालं. तिथं दुपारचा खेळ असायचा, कापाकापी नव्हती. तिथं फडताळवाल्याचे नंतरचे पिक्चर पुरे बघायला मिळाले. मधल्या काळात तो शिड्या, स्टूल, छत्र्या घेऊन मारामाऱ्या करायचा. डोंबाऱ्याचा खेळ होता, पण स्वच्छ होता. कोण कुणाला कुठं मारतोय ते नीट दिसायचं आणि पडणारा माणूस खरंच पडायचा. नंतर त्यानं माणसं उडवायला सुरुवात केली. ते मला कधी पटलं नाही. माणसाला दोरीनं ओढलंय हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण त्याच पिक्चरांत मधेच तो सगळं थांबवायचा. तलवारवाला नदीकाठी नुसता बसलेला, समोर भांड्यात पाणी उकळतंय, बस. पब्लिक शिट्ट्या मारायचं. मालक मात्र केबिनच्या भोकाला डोळा लावून उभे राहायचे.

घरी भाकरी खाताना त्यांचं तेच चालायचं. "जवान होता तव्हा नुसता हाणायचा. बातमी कळली की लाथ. आता बसायला शिकला. अकल वयानंच येती."

"तुमाला कव्हा येनार हाय मग?"

"तू हाईस ना. माझी लागत न्हाई."

हे ते टॉकीजमध्ये सांगायचे, पारावर सांगायचे, पाहुण्यांना सांगायचे. मलाही ते खरंच वाटायचं. मी कापलेलं माझ्या लक्षातही राहिलं नव्हतं. रोज भाजी निवडणाऱ्या बाईला देठ लक्षात राहतात का?

मग त्यांचे डोळे गेले. ते म्हणायचे मशीनमध्ये जळणाऱ्या कार्बनच्या कांड्यांच्या उजेडानं गेले, डॉक्टर म्हणाले काचबिंदू. एक पुरा गेला होता, दुसऱ्याचं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, साल-सहा महिने. घरी आल्यावर मी विचारलं, कुठं जायचंय का, कुणाला बघायचंय का. लेकीकडे जाऊ म्हणतील असं वाटलं होतं.

"फडताळवाल्याचा तो पयला पिक्चर बघायचाय."

"शंभर बार चालवलाव की तो."

"चालवला. बघितला कुठं? कार्बन बघू का पडदा बघू? एकदा निवांत बघायचाय, डोळा हाय तवर."

त्यांचा पुतण्या मानवतला व्हिडिओ चालवायचा, लेकराबाळांचा बाप. त्यानं कुठून तरी कॅसेट मिळवली. नामांतर नुकतंच झालं होतं, जानेवारीचे दिवस. आम्ही सकाळच्या एसटीनं गेलो. पुतण्यानं दुपारी दुकान आमच्यापुरतं बंद केलं. मालक टीव्हीला नाक लागेल इतक्या जवळ बसले.

"काका, जरा मागं सरा. आत जाताव की काय?"

"तू गप. पाट्या चालल्यात. फडताळ आलं का गं?"

"आलं," मी म्हणाले.

पिक्चर ओळखीचाच होता. एका जवान माणसाच्या उस्तादाला दगा देऊन मारतात. त्याला बातमी कळते. इथं आमच्या तंबूत तो लगेच दुश्मनाच्या दारावर लाथ घालायचा. कॅसेटमध्ये घातली नाही. तो उस्तादाच्या घरी गेला. उस्तादाची म्हातारी आई सुपात तांदूळ निवडत बसली होती. पोरगा मेलाय हे तिला माहीत नव्हतं. तिनं त्याला बसायला सांगितलं. तो बसला आणि तिच्याबरोबर तांदूळ निवडायला लागला. एक शब्द बोलला नाही. म्हातारी खडा काढून त्याला दाखवते, हसते, परत निवडते. बाहेरचं ऊन सरकत सरकत उंबऱ्याबाहेर जातं. हे किती वेळ चाललं! मग तो उठला, तिच्या पाया पडला आणि लाथ घालायला गेला.

तीच लाथ होती. पण मला ती पहिल्यांदाच लागली.

मालक म्हणाले, "तिला सांगत का न्हाई हा?"

"जीभ उचलत नसंल," पुतण्या म्हणाला.

"आन् हे पयले नव्हतंच की. डेपोवाल्यायनं खाल्लं बघ. हरामखोर."

सूप दिसल्या दिसल्या मला सगळं आठवलं होतं. ते तुकडे मी ब्लेडनं कापले होते, एका दुपारी. एक म्हातारी, एक माणूस, एक सूप, सगळी चित्रं सारखी.

परतीच्या एसटीत मालक डेपोवाल्यांना शिव्या देत होते. मिनिटं कमी करायला आपणच सांगायचो हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं. सांगितलं नसतं तरी चाललं असतं. त्यांना कुठून कळणार होतं? पण पुढे डोळा गेल्यावर रोज घरात बसून ते हाच पिक्चर आठवणार आणि रोज भलत्याला शिव्या देणार, ते मला ऐकवलं नसतं.

मी म्हणाले, "डेपोवाल्यायनं न्हाई. मी कापलंय."

"काय?"

"म्हातारीचं समदं. गाडी गाठायची होती. नुसता बसला होता तो."

पुढच्या बाकावरची बाई मागं वळून बघायला लागली. मालकांनी दांडी धरली होती ती तशीच धरून ठेवली. मग म्हणाले, "म्हंजे इतकी वर्स मी लोकायला सांगत फिरलो, म्हातारपणी बसायला शिकला म्हणून. ते पोरगं पयल्यापासूनच बसत होतं."

"हो."

"आन् बिनअकलेचं कोण होतं?"

"मी. पण मिनिटं तुमी सांगितली होती."

ते रागावले होते, आणि रागावण्यासारखंच होतं. एसटीतून उतरल्यावर माझा हातही धरला नाही, काठीनं चाचपत पुढे चालले. दारात आल्यावर थांबले.

"तुकडे काय केलेस?"

"दाराला हायत. तुमच्या डोक्यावर."

मी तोरण काढलं. धूळ पुसली. रंग उडून सगळं लालसर झालं होतं, पण उन्हाला धरलं तर दिसत होतं. ते उंबऱ्यावर बसले. एवढी बारीक चित्रं त्यांना दिसणं शक्य नव्हतं. त्यांनी पट्टी चाचपून बघितली, कडेची भोकं अंगठ्यानं मोजल्यासारखी केली आणि माझ्याकडे परत दिली.

"सांग."

"म्हातारी हाय. सूप हाय. तो तांदूळ निवडायलाय."

"पुढं?"

"निवडायलाय."

"त्याच्या पुढं?"

"निवडायलाय. म्हातारीनं मान जरा वर केली." मी पुढची पट्टी धरली, तिच्या पुढची धरली. हातभर फिल्म म्हणजे डोळ्याची एक उघडझाप, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. दाराला होतं ते सगळं मिळून एक मिनिटही भरलं नसतं. ऊन उतरायला लागलं होतं, भांडी तशीच पडली होती.

"समदी सारखीच हायत," मी म्हणाले. "मधली सोडू का?"

"का?" ते म्हणाले. "आता कोणती गाडी गाठायची हाय तुला?"

मी पुढची पट्टी उजेडाला धरली.