सांगायची राहिलेली लाथ

आमच्या गोठ्यात दहा-बारा गाई आहेत आणि त्या सगळ्यांच्या पोटातलं मला कळतं. कोणती माजावर आलीय, कोणती गाभण राहिली नाही, व्याल्यावर कुणाचा जार अडकलाय, हे मी दारातून सांगतो. गावात कुणाची गाय व्यायला अडली की आधी मला हाक येते, मग जनावरांच्या डॉक्टरला फोन जातो. आणि स्वतःच्या अंगात काय बिघडलंय ते सांगायला डॉक्टरसमोर बसलो की माझ्या तोंडातून शब्द फुटत नसे.

बिघडलं होतं ते असं. सकाळची धार काढून झाली की मी रिकाम्या कॅनवर बसायचो ते उठायची इच्छाच व्हायची नाही. दाढी वाढायची कमी झाली. राग येईनासा झाला, आणि जे मला ओळखतात त्यांना यातलं गांभीर्य कळेल, कारण मी पेंडीच्या दुकानदारापासून सरपंचापर्यंत सगळ्यांशी भांडलेला माणूस आहे. आणि खरं सांगायचं ते हे की बायकोजवळ जावंसं वाटेना. ती आवडत नव्हती असं मुळीच नाही. ताट समोर असावं आणि भूकच नसावी, तसं काहीतरी.

तिनं आधी काही विचारलं नाही. मुलीची दहावी आली तेव्हा, पोरगी उशिरापर्यंत अभ्यास करते, सोबत पाहिजे, असं म्हणून ती आपली गोधडी घेऊन मुलीच्या खोलीत झोपायला गेली. दहावी झाली, अकरावी झाली, बारावीही झाली. गोधडी काही परत आली नाही. मीही कधी ये म्हटलं नाही, कारण ये म्हणून पुढं काय करणार होतो?

डॉक्टर मी कमी केले नाहीत. पहिला सुप्याचा. त्याच्याकडे तिथल्या कंपन्यांतल्या कामगारांची ही गर्दी. त्यानं माझं तोंड पाहिलं, अशक्तपणा आहे म्हणाला आणि सलाईन लावलं. हायवेच्या कडेला तंबू ठोकून बसलेल्या एका वैद्याची पुडीही मी आणली, पण तिचा वास घेतल्यावर सरळ उकिरड्यावर टाकली. मग मोबाईलवर एका डॉक्टरचं बोलणं ऐकलं. त्यात सगळी लक्षणं माझीच. टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषांचं हार्मोन, हा शब्द मला तिथं कळला. लॅबमध्ये जाऊन मी स्वतःच तपासणी करून घेतली. आकडा कमी आला. मला वाटलं, चला, आता काम झालं.

कसलं काम होतंय. तो रिपोर्ट घेऊन नगरला एका मोठ्या डॉक्टरकडे गेलो तर त्यानं चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "जिमला जाता का? बॉडी बनवायचीय?" माझं सुटलेलं पोट त्याच्या टेबलाला टेकलं होतं. ही औषधं पोरं दंड फुगवायला घेतात, मी असल्या भानगडीत पडत नाही, म्हणाला. त्याच्या जागी त्याचं बरोबर असेल. दुसऱ्यानं विचारलं, "मुलं किती?" दोन, म्हणालो. "मग झालं की. आता कशाला पाहिजे?" आणि त्यानं पुढच्या पेशंटसाठी बेल वाजवली. आमच्याकडे वळूचं काम संपलं की त्याला विकतात, तसा मी त्या जिन्यावरून उतरलो. पूर्वी मी त्या डॉक्टरला चार शब्द सुनावल्याशिवाय उठलो नसतो. आता नुसता उतरलो आणि एसटीत येऊन बसलो.

घरी यातलं काहीच सांगितलं नव्हतं. नगरला जातो तो पेंड बघायला, असं सांगायचो. त्याचा अर्थ घरात वेगळा लागत होता.

एका संध्याकाळी धार काढताना पलीकडच्या गाईखालून बायकोनं विचारलं, "दुसरी कोन हाय का?"

मी म्हणालो, "न्हाई."

बस, एवढंच. पूर्वीचा मी असतो तर बादली फेकली असती, चार घरांना ऐकू गेलं असतं. पण राग आला नाही, मी धार काढत राहिलो, आणि तिला तोच पुरावा वाटला. तिनं आपली बादली बाजूला ठेवली. मग म्हणाली, "खोटं असतं तर तुमी चिडला असता." तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. आजाराची नाही, ही बाई आपल्या हातून जाईल याची.

डेअरीवर दूध घालून आलो आणि गोठ्यातच तिला सगळं सांगितलं. सलाईन, पुडी, जिम, बेल, सगळं. ती ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "मग मी येते संगं. तुमाला बोलता येत न्हाई." पारनेरला तिची बहीण थायरॉईडच्या गोळ्या खाते. तिचा डॉक्टर पुण्याहून ठरलेल्या वारी नगरला येतो, तो हार्मोनचाच डॉक्टर आहे, हे तिनं फोन करून काढलं. मी म्हणालो, थायरॉईड बायकांना होतं. ती म्हणाली, "हार्मोन काय फकस्त बायकांनाच असत्यात का?"

सकाळची धार उरकून, डबा बांधून आम्ही गेलो. पोहोचायला दुपार झाली. बाकावर सगळ्या बायाच, मी एकटा मिशीवाला. आमचा नंबर आला, दार उघडलं आणि आत खुर्चीत बाई. पुण्याहून येणारा तो डॉक्टर, असंच आम्ही दोघं धरून चाललो होतो. मी तिथूनच मागं वळलो. बायकोनं माझा शर्ट मागून असा धरला की मला मुकाट्यानं खुर्चीत बसावं लागलं.

मॅडमनी रिपोर्ट पाहिला. "रक्त किती वाजता दिलं होतं?"

"धार, डेअरी, वैरण उरकून. दुपारी."

"जेवून?"

"व्हय."

मॅडमनी रिपोर्ट बाजूला ठेवला. हे हार्मोन पहाटे-सकाळी जास्त असतं, दिवस चढेल तसं उतरत जातं, दुपारच्या आकड्यावर कुणी औषध देणार नाही आणि देऊही नये, असं त्यांनी समजावलं. तपासणी सकाळी लवकर, उपाशीपोटी, आणि तीही दोन वेगवेगळ्या दिवशी. मी म्हणालो, सकाळी धार असते. त्या म्हणाल्या, "मग धार दुसरं कुणी काढेल." आमच्याकडे हे बोलायला फार सोपं आणि करायला फार अवघड. माणूस लग्नाला गेला नाही तर चालतं, पण धारेच्या वेळी गोठ्यात नसला तर गावभर चौकशी होते.

मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. लहानपणी गालगुंड झालं होतं का? नाही. ऑपरेशन? नाही. कधी जांघेत, तिथं, मार लागला होता? नाही. हे मला आधीच्या एका डॉक्टरनंही विचारलं होतं आणि त्यालाही मी नाहीच म्हणालो होतो. अगदी मनापासून.

मॅडमचं लिहिणं थांबलं. "काम काय करता म्हणालात?"

"दुधाचं. गाई हायेत."

"गाई लाथ मारतात?"

बायको खुदकन हसली. "कुठली सांगू?" आणि मग ती हसायची थांबली. "अवो, काळ्या कालवडीची सांगा की."

मी म्हणालो, "लाथ म्हंजे काय मार न्हवं, मॅडम." हे मी खरंच म्हणालो. गोठ्यात लाथ बसते, पाय तुडवला जातो, शेपटीचा फटका डोळ्यात बसतो. ते आम्ही मोजत नाही. मार म्हणजे गाडीवरून पडणं, भांडणात काठी बसणं. मुलीच्या दहावीच्या आदल्या वर्षी एक काळी कालवड पहिल्यांदा व्याली होती. तिच्या पहिल्या धारेला मागच्या पायांना दोरी न बांधताच मी खाली बसलो. दोन्ही पाय एकदम झाडले तिनं, ते नेमके तिथंच बसले. मी जमिनीवर लोळलो होतो. सूज इतकी की कित्येक दिवस फेंगडा चालत होतो. हळद आणि कसलासा पाला बांधला, पण एकही धार चुकवली नाही आणि याचा मला तेव्हा अभिमान होता. सूज उतरली तशी मी लाथ विसरून गेलो. पुढं तिथं सगळं आकसल्यासारखं वाटायचं, ते मी वयावर टाकलं.

"तपासलं कुणी होतं का?"

आजवर कुणीच तपासलं नव्हतं. सगळ्यांनी तोंडाकडे बघून कागद लिहिला होता. मॅडमनी पडदा दाखवला. मी बायकोकडे पाहिलं, तिनं छताकडे पाहिलं. भर रस्त्यात गाईच्या पोटात कोपरापर्यंत हात घालणारा मी, पडद्यामागं लाजेनं अर्धा झालो. मॅडमचं काम मात्र चटकन आटोपलं.

हात धुऊन त्या खुर्चीत बसल्या आणि दोघांनाही ऐकू जाईल असं म्हणाल्या, "त्या मारानं दोन्ही बाजू सुकल्यासारख्या झाल्यात. हार्मोन जिथं तयार होतं तीच जागा निकामी झालीय. सोनोग्राफी करू, सकाळची रक्तं बघू. तीही कमी आली तर औषध मी देईन."

औषध मी देईन. माझा जीव असा भांड्यात पडला की पुढचं मला नीट ऐकूच आलं नाही. औषध बहुतेक कायमचं घ्यावं लागेल, रक्त घट्ट होतं म्हणून अधूनमधून तपासायला यावं लागेल, हे बायकोनं लक्षात ठेवलं. या औषधावर मूल होत नाही, आणखी हवंय का, असं विचारल्यावर तीच म्हणाली, "नगं, हायेत ती बास."

मॅडमनी मग तिला विचारलं, "तुम्हाला काही विचारायचंय, ताई?"

बायकोनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "म्हंजे हे माझ्यामुळं न्हाई ना, मॅडम? मी नकोशी झाले म्हून न्हाई?"

"अजिबात नाही," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या जागी कुणीही असतं तरी हेच झालं असतं. हा आजार आहे."

ती रडली. मोठ्यानं नाही, पण बराच वेळ. बाहेर नंबर लागलेले होते तरी मॅडमनी बेल वाजवली नाही. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि किती दिवसांनी ठेवतोय ते मला कळलं.

पुढं दोन सकाळी मी उपाशीपोटी गाडीवर नगर गाठलं आणि तिनं एकटीनं गोठा सांभाळला. पहिल्याच दिवशी डेअरीवाल्यानं तिला विचारलंच, मालक कुठं? पेंड बघायला गेलेत असं सांगायला मी तिला बजावलं होतं. तिनं सगळ्यांदेखत सांगितलं, "हार्मोनची तपासनी हाय. कालवडीनं लाथ घातली हुती." गावात माझं हसं होईल म्हणून मी दोन रात्री तळमळलो. हसले थोडे. मग डेअरीवाल्यानं मला कॅनाच्या आड ओढून त्या मॅडम कोणत्या वारी येतात ते विचारलं, आणि त्यानंतर आणखी एका-दोघांनी.

सोनोग्राफीत मॅडम म्हणाल्या तेच दिसलं आणि आकडे दोन्ही सकाळी कमीच आले. खांद्याला चोळायचं जेलही असतं, पण मी धार काढताना गाईच्या अंगाला खांदा टेकून बसतो आणि घरात बायकामुलं, ते औषध दुसऱ्याला लागायला नको, म्हणून मॅडमनी इंजेक्शन लिहिलं. पहिलं घेऊन आलो तेव्हापासून बायको रोज माझ्याकडे अशी बघायची जशी मी गाभण गाईकडे बघतो. फरक सावकाश पडला. कॅनवर बसणं कमी झालं, भूक वाढली. मग एक दिवस पेंडीवाल्यानं भुसा मिसळलेली पोती पाठवली आणि मी त्याला फोनवर असा झाडला की शेजारचं कुत्रं उठून गेलं. फोन ठेवला तर बायको दारात उभी. मला वाटलं, आता ओरडेल. ती डोळे पुसत हसत होती.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी डेअरीवरून आलो तर अंगणातल्या दोरीवर तिची गोधडी माझ्या गोधडीशेजारी उन्हात टाकलेली. मी कॅन धुवायला घेतले. बोलून बिघडवायचं नव्हतं. संध्याकाळी जेवणं झाल्यावर ती गोधडी काखेत मारून मुलीच्या दारावरून पुढं निघाली. पोरगी आता पुढच्या शिक्षणाला रोज नगरला जायची, कॉलेजच्या पुस्तकातून मान वर करून तिनं विचारलं, "आई, आज इथं न्हाई का झोपायची?"

"न्हाई," बायको म्हणाली. "तुझी दहावी झाली ना आता."