ताईने वाटलेला दुधी

आमची ताई लाँड्रीत इस्त्री करते. दिवसभर उभी असते, पण घरी आली तरी बूड टेकायचं नाव नाही. पायाला भिंगरी! आणि स्कूटर माझी, त्यात मी धाकटी, म्हणून तिला फिरवायचं काम माझ्या माथी.

वाचनालयात पुस्तकांशेजारी बियांचा एक खण आहे. बी न्यायचं, लावायचं, एक फळ वेलीवरच वाळू द्यायचं आणि त्यातलं बी परत आणून द्यायचं. मग ते दुसरं कोणी नेतं. गेल्या वर्षी ताईने मूठभर दुधीचं बी परत दिलं. ग्रंथपालबाईंनी कौतुक केलं, तर बाईसाहेब आठवडाभर हवेत.

यंदा त्याच बियांचा पहिला दुधी तिने चिरला. सवयीने कच्ची फोड जिभेवर ठेवली आणि थू थू करत मोरीकडे धावली. कडूजहर! मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. गेल्या वर्षी कुंपणापलीकडे शेजाऱ्यांनी शोभेचे कडू भोपळे लावले होते. पतंग-भुंग्यांनी तिकडचे पराग इकडे आणले आणि कडूपणा बियांत उतरला.

"अगं, असला दुधी खाऊन माणूस मरतो!" ताईच्या तोंडचं पाणी पळालं. "आणि मी तो गावभर वाटलाय!"

"आधी चहा तरी घे."

"चहा कसला! काढ स्कूटर!"

बी तिघांनी नेलं होतं. ग्रंथपालबाईंनी पत्ते दिले. पहिल्या घरच्या मास्तरीणबाईंच्या वेलाला अजून फळ नव्हतं, त्यांनी तो लगेच उपटला. दुसऱ्या घरच्या न्हाव्याने दुधी कडू लागताच फेकून दिला होता. गिऱ्हाइकाची दाढी अर्धवट ठेवून त्याने आम्हाला चार शब्द सुनावले. ताई रस्ताभर मागून माझ्या पाठीत बोटं खुपसत होती. "हळू काय चालवतेस? मेला असेल तिसरा!" मीही मग स्कूटर दामटली.

तिसरा म्हणजे कारखान्याच्या कँटीनमधला निवृत्त आचारी. एकटाच राहतो. दार उघडंच होतं. तो ताट वाढून बसला होता, पहिला घास हातात. ताईने झडप घालून ताट ओढलं, भाजीला बोट लावून चाटलं आणि खिडकीतून थुंकली.

"कडू आहे! जिभेला कळलं नसतं का तुमच्या?"

"नसतं कळलं," तो म्हणाला. "तापानंतर चवच गेली माझी. म्हणून तर दुधी लावला. खाण्यात मजा नाही, निदान वाढताना दिसतो तरी."

खिडकीबाहेर वेल मांडवभर पसरला होता. ताई हळूच म्हणाली, "दादा, तो काढावा लागेल. नाहीतर आसपासच्यांचं बीही बिघडेल."

त्याने सुरी आणून तिच्या हातात दिली. "तुम्हीच कापा. माझ्याच्यानं नाही व्हायचं."

ताईने बुंधा कापला आणि तिथेच मांडवाखाली बसून ढसाढसा रडली. आणि समजूत कोण काढतंय? तर तोच!